केतकी ढवळेचा नियम

केतकी ढवळेशी मराठीत बोललं की ती हिंदीत उत्तर द्यायची. समजायचं तिला सगळं. तिचे वडील बँकेच्या नोकरीत अमरावतीहून लखनौला आले आणि इथलेच झाले. विकास नगरातल्या त्यांच्या घरात आईवडील मराठीत हाका मारत आणि मुलगी "हाँ आई, ला रही हूँ" म्हणत असे. दोनच मराठी शब्द तिच्या तोंडून हमखास यायचे : "आणि मग?" कुणी काही घाबरवणारं सांगितलं की भुवया उंचावून ती एवढंच विचारायची. "गाइड नाराज हो जाएँगे." "आणि मग?" "साइन नहीं करेंगे." "आणि मग?" त्यात उर्मटपणा नसे. पुढे काय होईल हे तिला खरोखरच जाणून घ्यायचं असे. भीती पार शेवटापर्यंत नेली तर शेवटाशी फारसं काही सापडत नाही, अशी तिची समजूत होती. पुढेपुढे हे दोन शब्द विद्यापीठातल्या इतर पोरांनीही उचलले. मराठीचा गंध नसलेली गोंडा आणि बलियाकडची मुलं कॉरिडॉरमध्ये एकमेकांना "आणि मग?" विचारताना मी ऐकली आहेत.

मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होतो आणि केतकीचा पीएच.डी.चा गाइड. शिवाय आमची दोन मराठी घरं, त्यामुळे सणावारी जाणं-येणं. विद्यापीठात ती मला 'सर' म्हणे आणि घरी 'काका'. यात तिची कधी गल्लत झाली नाही. माझी झाली.

हे आता लिहायला बसलो त्याला कारण प्रतिभा. प्रतिभा ही आमच्या विद्यापीठातल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या युनियनची सध्याची सचिव. युनियन कशी सुरू झाली त्यावर जुन्या लोकांशी बोलायला ती घरी आली होती. चहा पिता पिता म्हणाली, "सर, शुरू तो केतकी मैम ने किया था ना? फिर अपना एक्सटेंशन लेकर किनारे हो गईं, ऐसा सब कहते हैं."

सगळे म्हणतात. म्हणजे इतक्या वर्षांत ते आणखी पक्कं झालं होतं. मी त्या दिवशी प्रतिभाला इकडचं-तिकडचं सांगून वाटेला लावलं आणि मग दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. सुमन, माझी बायको, म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे ते सांगून टाका एकदाचं. वय काय उलटं जाणार आहे का?"

तर केतकी. ठेंगणी, सावळी, पायात कायम मातीने माखलेले कॅनव्हासचे बूट. आंब्याच्या मोहोरावर एक रोग पडतो, त्यावर तिचं काम होतं. त्यामुळे थंडी ओसरली की ती मलिहाबादच्या बागांमध्ये मुक्कामाला असल्यासारखी असायची. प्रयोगशाळेत परतली की तिच्या ओढणीतून वाळकी पानं पडत. कामाला वाघीण होती. पण तिचं पहिलं आठवतं ते काम नव्हे, ते पडद्यांचं प्रकरण.

आमच्याकडे एक रीत होती. गाइडची घरगुती कामं संशोधक विद्यार्थी करत. गॅसचा सिलिंडर, विजेचं बिल, मुलीच्या मुलाला शाळेतून आणणं. कुणी सक्ती करत नसे, आणि कुणी नाही म्हणत नसे. फेलोशिप मिळण्यासाठी दर महिन्याला हजेरीवर गाइडची सही लागते, एवढी एक गोष्ट दोघांनाही ठाऊक असे. एकदा सुमनला बैठकीच्या खोलीचे पडदे बदलायचे होते. मी माझ्या दोन विद्यार्थ्यांना अमीनाबादेत कापड बघायला पाठवलं, त्यांतली एक केतकी. त्या दिवशी मला त्यात काहीही गैर वाटलं नव्हतं.

शनिवारी विभागाचं सेमिनार असे. आठवड्यात काय काम झालं ते प्रत्येकाने उभं राहून सांगायचं. केतकीची पाळी आली. तिने गंभीर चेहऱ्याने पहिली स्लाइड दाखवली : 'अमीनाबाद बाज़ार में पर्दे के कपड़ों का तुलनात्मक अध्ययन'. मग नमुने कसे गोळा केले, कुठल्या गल्लीतून, कुठलं कापड पहिल्या धुण्यात रंग सोडतं, कुठला दुकानदार घासाघीस सुरू करायच्या आधी पाणी विचारतो, हे सगळं पद्धतशीर मांडलं. शेवटी म्हणाली, "निष्कर्ष : इस सप्ताह आम के बौर पर कोई काम नहीं हुआ."

विभागातले ज्येष्ठ प्राध्यापक रुमालात हसत होते. माझे कान तापले. संध्याकाळी तीच पोरगी कापड घेऊन घरी आली, सुमनच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "काकू, ये वाला लो, धूप में उड़ेगा नहीं." सुमनने मला विचारलं, "तुम्ही तोंड का फुगवलंय?" पडदे अजून आहेत. उन्हाने विटले नाहीत.

त्या सेमिनारनंतर इतर विभागांतले विद्यार्थी तिला शोधत येऊ लागले. प्रत्येकाची काहीतरी कथा. पदवीच्या मुलांची प्रॅक्टिकल हेच घेणार, परीक्षेत पहारा हेच देणार, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हेच तपासणार, आणि कागदोपत्री यातलं काही काम नव्हतंच. ते 'प्रशिक्षण' होतं. तक्रार घेऊन कुणी वर गेलं तर ठरलेलं उत्तर मिळे : "अपने गाइड से बात करो." गाइडच्या खोलीत एकटं जायचं आणि एकटंच बाहेर यायचं. यातून केतकीचा तो नियम निघाला. युनियनला नाव नव्हतं, पदाधिकारी नव्हते, तेव्हापासून हा नियम होता : अकेला कोई नहीं जाएगा. कुणाही साहेबाकडे, कितीही छोट्या गोष्टीसाठी, कुणी एकट्याने जायचं नाही.

याची पहिली चुणूक उर्दू विभागात दिसली. इम्रान नावाचा तिथला उंच, इस्त्रीच्या कुर्त्यातला शोधछात्र, म्हणजे संशोधक विद्यार्थी. त्याच्या गाइडने कसल्याशा रागापायी दोन महिने सही अडवली होती. एका सकाळी ते गृहस्थ आपल्या खोलीकडे निघाले तर कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना सगळ्या विभागांचे शोधछात्र उभे. घोषणा नाही, फलक नाही. पहिल्याने हात जोडले, "नमस्ते सर." दुसऱ्याने, "आदाब सर." तिसरीने, "नमस्ते सर, तबीयत कैसी है?" लखनौचा माणूस नमस्काराला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. बिचारे प्रत्येकापाशी थांबत, मान झुकवत, तब्येत सांगत आपल्या दारापर्यंत पोचले तेव्हा घामेजले होते. दारात इम्रान कागद घेऊन उभा. त्यांनी उभ्या उभ्या सही केली.

कुलगुरूंनी केतकी आणि इम्रानला बोलावलं. ते अर्थात दहाबाराजण गेले. मीही त्या बैठकीत होतो. कुलगुरू हळवे होऊन म्हणाले, "यह विश्वविद्यालय एक परिवार है. परिवार में यूनियन होती है क्या?"

केतकी म्हणाली, "सर, परिवार में दो बहुएँ हों तो रसोई की पारी तो बाँधनी पड़ती है."

"आप लोग छात्र हैं, कर्मचारी नहीं."

"जी सर. तो कल बी.एससी. का प्रैक्टिकल कौन लेगा, छात्र या कर्मचारी?"

कुलगुरूंनी माझ्याकडे पाहिलं. तुमची विद्यार्थिनी, तुम्हीच सांभाळा, असा त्याचा अर्थ होता. तेव्हापासून युनियनशी बोलणी करायच्या समितीत मला घेतलं गेलं.

बोलणी सुरू झाली ती नेमकी मोहोराच्या दिवसांत. आंबा काही समितीसाठी थांबत नाही. तो हंगाम गेला की केतकीचं एक वर्ष बुडालं. ती रोज सकाळी विद्यापीठात बैठकीला आणि मलिहाबादची झाडं तिकडे ओस. मी तिला म्हटलं, "अगं, तुझं काम जातंय." ती म्हणाली, "लोग जा रहे हैं ना, सर." मला कळेना कोण लोक. पुढच्या रविवारी बागेत गेलो तर भौतिकशास्त्राची एक मुलगी शिडीवर चढून फांद्यांना फिती बांधत होती आणि खाली इतिहासवाला वहीत नोंद घेत होता. केतकीने सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं : निरोगी फुलोऱ्याला पांढरी फीत, रोगटाला लाल.

इम्रान आपलं झाड पूर्ण करून मोठ्या अभिमानाने उभा होता. केतकी आली, वर बघितलं आणि खालीच बसली हसून हसून. ज्या ज्या फुलोऱ्यांना रोग होता त्यांनाच त्याने पांढऱ्या फिती बांधल्या होत्या. त्याचा दोष नव्हता. या रोगात मोहोर फुलकोबीसारखा गच्च, टपोरा होतो, देखणा दिसतो, फळ मात्र धरत नाही. निरोगी मोहोर त्याच्यापुढे विरळ, मरतुकडा वाटतो.

"इमरान भाई, ये तो बीमार है."

"ये? ये बीमार है?" इम्रान दुखावून म्हणाला. "इससे हसीन तो पूरे बाग़ में कोई नहीं."

"उर्दूवालों को बीमार ही हसीन लगते हैं," शिडीवरून भौतिकशास्त्र म्हणालं.

सगळ्या फिती सोडून पुन्हा बांधल्या. केतकीचं वर्ष वाचलं. मी त्यांना गाडीतून परत आणलं. वाटेभर ती मंडळी मागच्या सीटवर एकमेकांच्या अंगावर झोपली होती. माझ्या उभ्या नोकरीत एका विभागाच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या विभागाच्या कामाला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

आता पाडव्याचं सांगतो.

ढवळे कुटुंब जेवायला आमच्याकडे होतं. केतकी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होती आणि मी दाराशी उभा होतो. चेहरा उतरला होता तिचा. मी काका म्हणून विचारलं आणि तिने काकाला सांगितलं. मुलं थकली आहेत. घरून फोन येतात. सही वेळेवर, कामाचे तास लेखी आणि गाइड बदलायची सोय, एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या तर युनियनला मान्यता न मिळताही निम्मेअधिक लोक मागे फिरतील. "और मान्यता नहीं मिली तो अगले साल सब वापस ले लेंगे, काका. दिया हुआ वापस हो जाता है. तय किया हुआ नहीं होता." सुमन तिला रागावली, "सणाच्या दिवशी तरी ते सोड गं, पुरी करपतेय." मग आम्ही गुढीपाशी फोटो काढला. तिच्या वडिलांनी तो व्हॉट्सॲपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी मी कुलगुरूंना फोन करून ते सगळं सांगितलं.

माझा हेतू वाईट नव्हता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. लवकर मिटावं, पोरांचे हाल थांबावेत, वगैरे. खरं एवढंच की मधला माणूस होण्याची मला हौस होती. दोन्हीकडून 'सरांनी मिटवलं' असं म्हटलं जावं, याची.

पुढच्या बैठकीत कुलगुरूंनी प्रस्ताव वाचला. सही वेळेवर, तास लेखी, गाइड बदलायची सोय. युनियनचा उल्लेख नाही, करार नाही. विद्यापीठाचा मेहेरबानीचा आदेश. तीनच गोष्टी, बरोबर त्याच. इम्रानने कागदावरून मान वर केली आणि सावकाश म्हणाला, "ये तो हमारे कमरे की बात है." केतकीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाली, "सर, हम ज़रा बाहर जाकर बात करेंगे."

बाहेर काय झालं ते मला पुष्कळ नंतर इम्रानने सांगितलं. ती म्हणाली, ही गोष्ट माझ्याकडून बाहेर गेली. कुणाकडे, ते सांगणार नाही. नाव सांगितलं की दोष त्याचा होतो. नियम माझा होता आणि मीच एकटी जाऊन बोलले. मी आजपासून बोलणी करणार नाही. पण हा कागद घेऊ नका.

त्यांनी तो घेतला नाही. तिचा राजीनामा मात्र घेतला. आठवड्याभरात विद्यापीठाने केतकीच्या पीएच.डी.ची मुदत वाढवल्याचं पत्र निघालं. तिने ते मागितलं नव्हतं. प्रस्ताव मी पाठवला होता, मनाला लागलेल्या टोचणीवर मलम म्हणून. आधी पोरांच्या फोनवर फिरलेला तो पाडव्याचा फोटो, वर हे पत्र. पोरांनी दोन्ही जोडलं. कॉरिडॉरमध्ये तिच्याशी बोलणं बंद झालं. मी एक वाक्य बोललो असतो तर ते सगळं तिथेच थांबलं असतं. बोललो नाही. पुढे निवृत्त झालो, निरोप समारंभात माझ्या विद्यार्थिप्रेमावर भाषणं झाली, तेव्हाही नाही.

आणि ती? ती प्रत्येक सभेला येत राहिली. मागच्या बाकावर बसायची. हात वर करायच्या वेळी हात वर, सतरंज्या उचलायच्या वेळी सतरंज्या. कुणी बोललं नाही तरी यायची. सुमनने एकदा न राहवून तिला फोनवर विचारलं, "कशाला जातेस गं तिथे अपमान करून घ्यायला?" ती म्हणाली, "काकू, यूनियन मेरी नाराज़ी से बड़ी है ना."

त्या उन्हाळ्यानंतर शोधछात्रांनी प्रॅक्टिकल घेणं थांबवलं. तेव्हा आम्ही प्राध्यापक मंडळी बाह्या सरसावून स्वतः प्रयोगशाळेत उतरलो. मला आयोडीनची बाटली सापडेना. सूक्ष्मदर्शकाचा दिवा लागेना. शेजारच्या टेबलावर आमच्या विभागप्रमुखांनी कांद्याचा पापुद्रा काढता काढता बोट कापून घेतलं. पहिल्या वर्षाची एक मुलगी मला म्हणाली, "सर, भैया लोग कब आएँगे?" असं काही दिवस चाललं आणि मग 'छात्र की कर्मचारी' हा प्रश्न कुणी विचारेनासं झालं. विद्यापीठाने युनियनशी करार केला, युनियनच्या नावाने. त्याच तीन गोष्टी, आणि आणखी काही. सही करायला इम्रान होता. केतकी दाराजवळ उभी राहून टाळ्या वाजवत होती.

करारातल्या गाइड बदलण्याच्या कलमाखाली पहिला अर्ज तिचाच आला. मी समोर बसलेलो. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "कारण?" मी टेबलाकडे बघत होतो. ती शांतपणे म्हणाली, "समझौते में लिखा है सर, कारण बताना ज़रूरी नहीं." मग माझ्याकडे वळून वाकून नमस्कार केला आणि गेली. त्यानंतर आमच्या घरी ती आली नाही. काका ही हाक त्यानंतर मी ऐकली नाही. पीएच.डी. झाली ती दुसऱ्या बाईंच्या हाताखाली, आणि चांगली झाली.

प्रतिभा येऊन गेल्यावर मी केतकीला फोन लावला. ती आता चिनहटकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, हे ढवळ्यांकडून कळलं होतं. मी बरीच तयारी करून बोलायला लागलो. "केतकी, त्या पाडव्याला मी..."

"सर," तिने मध्येच थांबवलं, "मुझे मालूम है. मुझे अकेले में मत बताइए. इस शनिवार को यूनियन की सभा है. वहाँ बोलिए."

"सगळ्यांसमोर?"

"आणि मग?" ती म्हणाली. हसली की नाही ते फोनवर समजलं नाही.

गेलो. आमच्याच विभागाचा जुना व्याख्यानकक्ष, खचाखच भरलेला. मला ओळखणारे फार थोडे. प्रतिभाने माझं नाव घेतलं आणि मी उभा राहून जसं इथे लिहिलं तसंच हिंदीत सांगितलं : पुऱ्या लाटताना ती काय म्हणाली, मी फोन कुणाला केला, मुदतवाढ कुणी मागितली आणि कुणी नाही. खाली बसलो. मागून कुणीतरी एक-दोन टाळ्या वाजवल्या आणि अवघडून थांबवल्या. माझ्या शेजारचा मुलगा म्हणाला, "सर, पानी?" प्रतिभा म्हणाली, "ये बात सभा की कार्यवाही में लिखी जाएगी. सबकी सहमति है?" हात वर झाले. कुणी विरोधात नव्हतं. मग ती म्हणाली, "अगला विषय."

अगला विषय होता प्रसूती रजेचा. आणि बघता बघता वादाला तोंड फुटलं. कुणी म्हणे रजा पीएच.डी.च्या मुदतीत धरू नये, कुणी म्हणे आधी वसतिगृहाचं बघा. मला वाटलं होतं की माझ्या बोलण्यानंतर निदान पाचदहा मिनिटं तरी तोच विषय चालेल. तसं काही झालं नाही, आणि छातीवरचं ओझं नेमकं त्यामुळेच हललं, असं आता वाटतं. त्यांना पुढचं काम होतं.

मागच्या रांगेत केतकी होती. केसांत थोडी पांढरी छटा, सोबत तिच्याच कॉलेजातल्या, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तीन-चार तरुण बाया. त्यांना आपली युनियन काढायची आहे म्हणून त्या बघायला आल्या होत्या. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. सर आणि काका यांच्या मधलं कुठलं तरी ते असावं. मग तिने बोलण्यासाठी हात वर केला.

प्रतिभा समोरून म्हणाली, "मैम, आपसे पहले चार लोग हैं."

"अच्छा, अच्छा," केतकी म्हणाली. हात खाली घेतला, शेजारणीला सरकायला सांगून नीट टेकून बसली, आणि पुढे बोलत असलेल्या मुलीचं ऐकू लागली.